मुठीच्या मापाचं रिव्हॉल्वर

२६ ऑगस्ट १९३४, सकाळी

आजपासून रोजनिशी. मागच्या सहा रोजनिशा जानेवारीत सुरू केल्या म्हणून बंद पडल्या. दोष महिन्याचा. ऑगस्टात तसं होणार नाही.

निमित्त असं. कलेक्टर कचेरीतून कागद आला आहे. ज्यांच्याकडे रिव्हॉल्वरचं लायसन्स आहे त्यांनी २० ऑक्टोबरला चांदमारीवर हजर राहून पंधरा पावलांवरून सहा गोळ्या झाडून दाखवायच्या. ते पाहून साहेब पुढल्या सालचं लायसन्स द्यायचं की नाही ते ठरवणार. जिल्ह्यात लायसन्सं फार झाली, निम्मी काढून घ्यायची आहेत, असं शिरस्तेदार कानात सांगून गेले.

मला चिंता नाही. रिव्हॉल्वर सात वर्षं घरात आहे. आधीच्या साहेबांच्या निरोपसमारंभाचं मानपत्र मी लिहिलं होतं, संस्कृत मंगलाचरणासह. महिन्याभरात लायसन्स आलं. दोन्ही गोष्टींचा परस्पर संबंध नाही.

चिंता नाही, पण विचार येतो. साप्ताहिकात मी 'लक्ष्यवेधी' या नावाने बेळगावचं वर्तमान लिहितो. लक्ष्यवेधीचं लायसन्स नेम नाही म्हणून गेलं, तर शहापूरपासून निपाणीपर्यंत तोंड कुठं दाखवायचं? शिवाय नवीन वर्षाच्या सरकारी दरबारात दुसऱ्या रांगेतली खुर्ची. ती लायसन्सवाल्यांचीच असते.

सात वर्षांत अद्याप एकही गोळी झाडलेली नाही. प्रसंग आला नाही, एवढंच.

२८ ऑगस्ट

वडगावच्या बाजूला जुनी दगडाची खाण आहे, तिथं सराव. लक्ष्य म्हणून घरातलं सूप मागून घेतलं. कुटुंबाने ते परत आणण्याच्या अटीवर दिलं.

दहा पावलं. सहा गोळ्या. सूप शाबूत.

पावलं मोजण्यात चूक झाली असावी.

२९ ऑगस्ट

सहा पावलं. चार गोळ्या. काडतुसं वर्षाला मोजकीच मिळतात, म्हणून थांबलो. संध्याकाळी कुटुंबाने त्याच सुपात तांदूळ पाखडले. म्हणाली, एवढी वर्षं झाली पण सूप अजून नव्यासारखं आहे. हे स्तुतीने म्हटलं की कसं, कळलं नाही. तपास केला नाही.

३१ ऑगस्ट, दुपारी

कारण सापडलं. रिव्हॉल्वर विलायती आहे. कारखान्यात हजारांनी निघालेलं. मूठ कोणा तरी गोऱ्या दांडगटाच्या पंजाच्या मापाची. माझा हात लेखणीचा. दुसऱ्याच्या वहाणा घालून चालणाऱ्याला वाकडा चालतो म्हणून हसावं का?

शस्त्र धारण करणाऱ्याच्या अंगाला जुळलं पाहिजे, हे आपल्याकडे केव्हाचं ठाऊक आहे. अर्धा श्लोक सुचला:

यस्य मुष्टिर्भवेच्छुद्धा लक्ष्यं स्वयमुपैति तम्।

म्हणजे ज्याची मूठ शुद्ध, त्याच्याकडे लक्ष्य आपण होऊन चालत येतं. उत्तरार्ध उद्या.

२ सप्टेंबर

कॅम्पात गेलो. बंदुकांच्या दुकानात नागोजी म्हणून कारागीर आहे. पलटणीत शस्त्रं दुरुस्त करायचा, मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आला, आता पेन्शनीत. गाव जांबोटी. हात काळे, बोलणं कमी.

त्याने रिव्हॉल्वर उघडलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं, चाप दोनदा ओढला, चक्र फिरवून कानाशी धरलं. मग माझ्याकडे वैद्य पाहतात तसं पाहिलं.

"पंत, ह्यात काय बी खोट न्हाय. मूठ बसवून देतो, चाप मऊ करतो, थोडा फरक पडंल. पण आदी एक करा. चार काडतुसं भरल्याली आन दोन रिकामी अशी मिसळून घाला. कंचं रिकामं त्ये तुमास्नी ठावं नगं. रिकाम्यावर चाप वडताना नळी हालली, तर कानस हत्याराला लावायची न्हाय."

मग कशाला लावायची, असं मी विचारलं नाही. रिकाम्या काडतुसाने परीक्षा पोरासोरांची घ्यावी. मी काव्यतीर्थाच्या दोन परीक्षा दिल्या आहेत.

मजुरी विचारली तर नको म्हणाला. जांबोटीला त्याचं भाताचं शेत आहे. रानडुकरं शिरून सगळं लोळवतात. एकनळी बंदुकीच्या लायसन्ससाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा परत आला. चांगल्या भाषेत अर्ज लिहून द्या, एवढंच म्हणाला. भात पोटरीत आलंय, कापणीच्या आत कागद हातात पडला तर बरं.

गंमत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या बंदुका नीट करतो आणि रात्री शेतात पत्र्याचा डबा बडवतो. म्हटलं, अर्ज उद्याच लिहितो.

९ सप्टेंबर

मुठीचं माप झालं. नागोजीने मेण मऊ करून हातात दिलं. म्हणाला, गोळी झाडताना धरता तसं दाबा. मी दरबारातल्या फोटोत असतो तसा उभा राहिलो, छाती पुढे, मनगट किंचित कलतं. तो म्हणाला, असं न्हाय, झाडताना धरता तसं. म्हटलं, हेच ते. त्याने मेण काढून घेतलं. बोटांचे ठसे सुंदर उठले आहेत.

त्याने अर्जाचं विचारलं. मजकूर डोक्यात तयार आहे असं सांगितलं. तयार आहेच.

१६ सप्टेंबर

खानापूरच्या शिसवीची मूठ तयार. प्रत्येक बोटाला वेगळी खाच. हातात घेतली आणि वाटलं की आजवर आपला हात अपुरा होता. कुटुंबाला दाखवली. तिने विचारलं, पाट्यावरच्या वरवंट्याला असं काही करून मिळेल का?

खाणीत गेलो. सहा पावलं. तीन गोळ्या. सूप शाबूत. मात्र गोळ्या आता एकाच बाजूला, डावीकडे खाली जातात. पूर्वी चहूकडे जात. ही प्रगती. दोष आता एकाच ठिकाणी सापडला आहे.

१८ सप्टेंबर

नागोजीला सांगितलं, माशी सरकव. नळीच्या टोकाला नेम धरायची बारीक गाठ असते, तिला माशी म्हणतात. तो म्हणाला, माशी जागच्या जागी हाय. मी म्हटलं, गोळी डावीकडे जाते हे तर खरं ना? तो म्हणाला, खरं. मग? तर म्हणाला, पंत, गाडीचा बैल उजवीकडं वडतोय म्हणून रस्ता वाकडा करायचा व्हय? शेवटी सरकवली. कारागिराशी वाद घालू नये, आज्ञा करावी.

त्याने अर्जाचं विचारलं नाही. मीच आपण होऊन सांगितलं की पितृपक्ष लागतो आहे, शुभकार्याचा कागद पितृपक्षात नको. तो म्हणाला, डुकरं पितृपक्ष पाळत न्हाईत.

२५ सप्टेंबर

चाप जड आहे. तो ओढताना सगळं शरीर ओढलं जातं. नागोजीने आत जिथं लोखंड लोखंडाला घासतं तिथं तेलाचा दगड फिरवून गुळगुळीत केलं. खरंच लोणी. पण मला आणखी हलका हवा. आतली स्प्रिंग नरम कर म्हटलं. त्याने स्पष्ट सांगितलं की स्प्रिंग फार नरम केली तर घोडा काडतुसावर जोरात पडायचा नाही, ऐन वेळी नुसता 'खट्ट' वाजेल. पलटणीत असल्या हलक्या चापापायी माणसं गेलेली त्याने पाहिली आहेत.

पलटणीतली माणसं आणि मी यात फरक आहे. नरम करवून घेतली.

३० सप्टेंबर

नळीला काळपट निळं पाणी द्यायचं असं नागोजीचं मत. मी चांदीसारखं चकचकीत पॉलिश सांगितलं. तो म्हणाला, उन्हात डोळ्यावर तिरीप यील. म्हटलं, ती समोरच्याच्या डोळ्यावर येईल. शस्त्राचं तेज म्हणतात ते हेच. मुठीत हस्तिदंताची 'ल' ही अक्षरखूणही बसवली. ल म्हणजे लक्ष्यवेधी.

निपाणीचे मारुतीराव भेटले. तंबाखूची वखार, दोन मोटारी, त्यांनाही हाच कागद आला आहे. त्यांचं रिव्हॉल्वर जसं आलं तसंच आहे, मूठसुद्धा बदललेली नाही. कीव आली. सराव विचारला तर म्हणाले, कसला सराव, साहेबाला आंब्याची पेटी जाते की दरसाल. काही माणसांना साधना म्हणजे काय ते कळणारच नाही.

७ ऑक्टोबर

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास रिव्हॉल्वर हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम.

८ ऑक्टोबर

कॅलेंडरवर लक्ष्मी आहे. देवीवर नेम धरणं बरं नव्हे. संकल्प स्थगित.

१४ ऑक्टोबर

उरलेल्या काडतुसांपैकी दोन खाणीत झाडली. एक सुपाच्या अगदी जवळून गेली असावी, कारण सूप हललं. वारा होता, पण इतका नव्हता.

नागोजी घरी आला होता. दारातच उभा राहिला. शेताची एक बाजू काल रात्री डुकरांनी सपाट केली. मी अर्जाचा मायना वाचून दाखवला: 'मेहेरबान कृपावंत'. पुढचं लिहायचं आहे. त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच: परीक्षेच्या आधी एकदा रिकामं काडतूस घालून बघा. या माणसाचा एकच धोशा.

१७ ऑक्टोबर, खंडेनवमी

शस्त्रपूजन. दरवर्षी कुटुंब रिव्हॉल्वरवर हळदकुंकवाचं एक बोट लावतं आणि एक झेंडूचं फूल ठेवतं. यंदा मी स्वतः सोवळं नेसून बसलो. नुसतं बोट लावण्यावर भागवणार नव्हतो, सोळाही उपचार केले. पंचामृताचा अभिषेक: दूध, दही, तूप, मध, साखर. नंतर शुद्धोदक.

कुटुंब म्हणालं, अहो, ते लोखंड आहे, आत मध जाईल, लगेच उघडून पुसा. मी सांगितलं की पूजेत मांडलेलं शस्त्र दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवता येत नाही. ती म्हणाली, मग देवालाच झाडू दे गोळी.

बायकांना शास्त्र एका मर्यादेपर्यंतच समजतं.

१८ ऑक्टोबर, दसरा

उत्तरपूजा केली. रिव्हॉल्वर वरून पुसलं. लखलखतं आहे. आतून उघडलं नाही. नागोजीने बसवलेली नाजूक जुळवणी आपण बिघडवू नये. सोनं वाटायला गेलो तेव्हा कमरेला होतं. एक मुंगी सदऱ्यावर फिरत होती, ती झटकली.

१९ ऑक्टोबर

साप्ताहिकाचा मजकूर आजच्या टपालाने गेला पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्यावर जातो. म्हणून उद्याच्या परीक्षेचा वृत्तांत आजच लिहून पाठवला. 'आमच्या प्रतिनिधीने सहांपैकी पाच गोळ्या लक्ष्याच्या मध्यभागी मारून उपस्थितांना थक्क केले.' सहा लिहिणार होतो. विनय आड आला.

२० ऑक्टोबर, दुपारी

जेवणाची वासना नाही. घडलं तेवढं लिहितो.

चांदमारीवर आम्ही अकरा जण. साहेब खुर्चीवर, शिरस्तेदार शेजारी कागद घेऊन. दुकानाकडून नागोजीला बोलावलं होतं, कुणाचं हत्यार अडलं तर सोडवायला. माझ्या उजव्या हाताला मारुतीराव. प्रत्येकासमोर माणसाएवढी फळी.

मी उभा राहिलो. छाती पुढे. ऊन समोरून, नळीवरून तिरीप थेट डोळ्यात. तरी नेम धरला. चाप ओढला.

खट्ट.

गोळी सुटली नाही. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आणि त्या शांततेत सगळ्यांनी पाहिलं. मी पाहिलं नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. ते उघडले तेव्हा नळी जमिनीकडे होती, मान खांद्यात गेली होती आणि एक पाय मागे. गोळी न सुटताच मी हे सगळं केलं होतं.

साहेब इंग्रजीत काही म्हणाले. शिरस्तेदारांनी मराठी करून विचारलं की पंत नमस्कार कोणाला करत होते?

पुढच्या पाचांपैकी दोन सुटल्या. माझ्या फळीला एकही भोक नाही. मारुतीरावांच्या फळीला एक भोक निघालं. मारुतीरावांच्या साही गोळ्या मागच्या बांधात गेल्या हे सर्वांनी पाहिलं होतं. म्हणजे ती गोळी माझी. माशी डावीकडच्यासाठी सरकवली होती. ऐन वेळी गोळी उजवीकडे गेली. ते भोक मारुतीरावांच्या नावावर मांडलं गेलं. ते मला पानसुपारी देऊ लागले.

साहेबांनी नागोजीला विचारलं, हत्यारात दोष काय? त्याने उघडलं. घोड्याच्या खोबणीत मधात घट्ट झालेलं कुंकू, आणि मुंग्या. त्याने चारचौघांत वास घेतला.

"साहेब, हत्यार बरं हाय. ह्येला नैवेद्य दावलाय."

त्याने ते रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं, सहा काडतुसं भरली. माझ्या मापाच्या खाचांत त्याची जाड बोटं मावत नव्हती, दोन बोटं मुठीबाहेर राहिली. सरकलेली माशी त्याने पाहिली, जरा बाजूला नेम धरला, आणि सहा वेळा चाप ओढला. फळीच्या छातीत सहा भोकं, एका पळीखाली झाकतील अशी.

साहेबांनी त्याचं नाव लिहून घेतलं. गाव लिहून घेतलं.

परत येताना त्याला म्हटलं, मूठ उत्कृष्ट झाली आहे, तुझ्या नेमावरून सिद्ध झालं. तो म्हणाला, व्हय पंत. आन अर्ज?

२१ ऑक्टोबर

मानसिक स्वास्थ्यासाठी दुधावर.

२४ ऑक्टोबर

साप्ताहिक आलं. वृत्तांत जसाच्या तसा. वाण्याने अभिनंदन केलं. सहापैकी पाच म्हणजे कमालच, म्हणाला. खुलासा पाठवावा का? पण वाचकांच्या आनंदावर विरजण घालण्याचा अधिकार मला कोणी दिला?

२७ ऑक्टोबर

नागोजीचा अर्ज लिहिला. तीन पानं. शब्द दिला होता, पाळला. चांदमारीवर त्याच्याविषयी जो प्रभाव पडला त्याचा फायदा घ्यावा म्हणून एक परिच्छेद खास घातला: 'अर्जदाराचा नेम अचूक असून तो कोणत्याही हत्याराने, कोणत्याही अंतरावरून, इच्छिलेले लक्ष्य हमखास वेधू शकतो, हे खुद्द हुजुरांनी पाहिलेच आहे.' नागोजीला वाचून दाखवला. तो म्हणाला, ह्ये असं लिवाय पायजे का? डुकरं मारतो एवढंच लिवा. मी म्हटलं, भाषा मला कळते.

त्याने अंगठ्याला काळं लागलं असताना सुबक सही केली.

२ डिसेंबर

लायसन्सचं काही कळत नाही. नवीन वर्षाच्या दरबाराच्या खुर्च्यांची यादी अजून लागली नाही. कुटुंबाला सांगितलं, न मिळालं तरी फरक पडत नाही. तिने विचारलं की मग दर टपालाच्या वेळी दारात का उभे असता? ऊन खायला.

जांबोटीकडे कापणी संपली म्हणतात. नागोजीचं निम्मं भात डुकरांनी नेलं.

२९ डिसेंबर, सकाळी दहा

मिळालं. लायसन्स पुढच्या सालासाठी कायम. मारुतीरावांचंही. गुणांची कदर होते ती अशी. कुटुंबाला साखर वाटायला सांगितली. मधाची बाटली आत ठेव, असंही सांगितलं.

२९ डिसेंबर, संध्याकाळी

कचेरीत आभार मानायला गेलो. जायला नको होतं.

अकरा जणांपैकी तिघांनी खरोखर फळी वेधली होती; मारुतीरावांच्या नावावरचं भोक साहेबांनी धरलं नाही. त्या तिघांची लायसन्सं रद्द. उरलेल्या आठांची कायम. मी शिरस्तेदारांना म्हटलं, काही तरी उलटंसुलटं झालं आहे. त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "उलटं काही नाही, पंत. सरकारला हत्यारं कमी करायची होती. ज्यांना नेम आहे त्यांच्याकडली कमी केली."

माझ्या कागदावर साहेबांच्या हातचा तांबड्या शाईतला शेरा आहे. शिरस्तेदारांनी अर्थ सांगितला: या गृहस्थांकडे शस्त्र असण्याने कोणासही धोका नाही. हरकत नसावी.

साप्ताहिकातलं कात्रणही साहेबांकडे गेलं होतं, क्षणभर शंका आली होती म्हणे. मग त्यांना चांदमारी आठवली.

नागोजीचा अर्ज फेटाळला. कारणात माझाच परिच्छेद उतरवून घेतला आहे, 'कोणत्याही अंतरावरून' खाली रेघ मारून. शिवाय जांबोटीच्या पोलीसपाटलाला त्याच्यावर लक्ष ठेवायला लिहिलं आहे.

३० डिसेंबर

कॅम्पात गेलो. नागोजीला कळलं होतं. कुणाची तरी बंदूक शिकंज्यात धरून साफ करत होता. मी म्हटलं, सरकार अन्यायी आहे, यावर साप्ताहिकात कडक लिहिणार आहे. तो म्हणाला, लिवू नगा.

मग कानस खाली ठेवून म्हणाला, "पंत, तुमची भाषा लई चांगली हाय. फकस्त झाडायच्या टायमाला डोळं उघडं ठेवत चला."

माझं रिव्हॉल्वर मागून घेतलं, माशी पूर्वीच्या जागी सरकवली आणि परत दिलं. मजुरी विचारायचं मला सुचलं नाही.

३१ डिसेंबर

दरबाराची यादी लागली. दुसऱ्या रांगेत खुर्ची आहे. एका बाजूला मारुतीराव. रांगेतल्या बाकीच्या सातही जणांना मी ओळखतो. चांदमारीवर होते.

कुटुंब सुपात तांदूळ पाखडते आहे.

श्लोकाचा उत्तरार्ध आज आपोआप सुचला:

नेत्रे निमील्य यो मुञ्चेत् तस्य शस्त्रं करोति किम्।

डोळे मिटून जो सोडतो, त्याचं शस्त्र काय करणार?

अक्षरं बरोबर आहेत. वृत्तात चोख बसतो. खोडायला लेखणी उचलली, पण शाई संपली होती.

उद्या जानेवारी. रोजनिशी बंद.